दादीचे चौदा रुपये

भंडाऱ्याचे आमचे जुने घर विकले गेले आणि त्याचे २४ लाख रुपये आले, तेव्हा करडीहून भाईजानचा फोन आला. भाईजान म्हणजे माझ्या बडे अब्बांचे चिरंजीव. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. एरवी ते आधी पाऊस, धान, तब्येत असे सगळे बोलून घेतात आणि मग मुद्द्यावर येतात. त्या दिवशी मात्र थेट म्हणाले, "तू इतिहास वाचतोस ना? मग सांग, हा पैसा भाड्याच्या घरात घालायचा तर कुठे घालायचा? करडीत, भंडाऱ्यात की नागपुरात?"

मी म्हणालो, "हे इतिहास वाचणाऱ्याला का विचारता? एखाद्या दलालाला विचारा."

"दलाल पुढचे सांगतो. पुढचे त्याला तरी कुठे माहीत असते? तू मागचे सांग. पुढचे मी पाहीन."

म्हणून मी करडीला गेलो. मोहाडी तालुक्यातले हे धानाचे गाव. आसपासचे लोक करडी-पालोरा असे एका दमात म्हणतात. दादीचे हे माहेर, आणि तिच्या आयुष्याची पुढची चाळीस वर्षेही इथेच गेली. तिची पत्र्याची पेटी भाईजानने जपून ठेवली होती. ती उघडली तर वर दोन ओढण्या, त्याखाली एक जीर्ण खरेदीखत आणि त्याखाली सुतळीने बांधलेले मनीऑर्डरच्या कूपनांचे गठ्ठे. प्रत्येक कूपनावर वळणदार अक्षरात तेच वाक्य: 'घरभाडे रु. १४ पाठविले आहेत.' महिना बदलतो, वर्ष बदलते, पोस्टाचा शिक्का बदलतो. १४ रुपये बदलत नाहीत.

भाईजानच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या गठ्ठ्यात दिसू लागले. ते असे.

घर रिकामे झाले ती बातमी

दादा भंडाऱ्यात बिडीच्या कारखान्यात मुनीम होते. १९३८ साली त्यांनी शहरात खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या आणि पुढे ओसरी असे कौलारू घर घेतले. निवृत्तिवेतन नावाची गोष्ट त्यांच्या नोकरीत नव्हती. भाड्याने देता येईल असे घर हेच त्या काळातले साध्या माणसाचे निवृत्तिवेतन होते. म्हातारपणी वर राहायचे, खालचे भाडे खायचे, असा त्यांचा हिशेब. १९५१ साली ते गेले. पदरात दोन मुले, दोन मुली. दादी चौघांना घेऊन करडीला भावांच्या आधाराला आली आणि भंडाऱ्याचे घर रिकामे झाले.

घर रिकामे होणे ही त्या काळी घरातली खासगी बाब नव्हती. ती सरकारला कळवण्याची बातमी होती. भंडारा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होते, राजधानी नागपूर. दुसऱ्या महायुद्धात शहरांत माणसे वाढली, बांधकामाचे लोखंड आणि सिमेंट युद्धाकडे वळले आणि घरांची टंचाई झाली. म्हणून मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९४६ साली घरे भाड्याने देण्यावर नियमन आणणारा कायदा केला आणि त्याखाली १९४९ साली घरभाडे नियंत्रण आदेश काढला. वैदर्भीय वकील त्याला नुसते 'रेंट कंट्रोल ऑर्डर' म्हणत. या आदेशाने दोन गोष्टी केल्या.

पहिली अशी की, घर रिकामे झाले की मालकाने ते जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे, आणि तो ते घर सरकारी नोकराला किंवा फाळणीत विस्थापित झालेल्या माणसाला देण्याचा हुकूम करू शकत असे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो माणसांना नागपुरात डोक्यावर छप्पर हवे होते, जरीपटका त्यातूनच वसला. तेव्हा ही तरतूद उगाच आलेली नव्हती.

दुसरी अशी की, भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस द्यायची तर आधी भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी हवी. परवानगीची कारणे ठरलेली: तीन महिन्यांचे भाडे थकले, पोटभाडेकरू ठेवला, घराचा भलताच उपयोग केला, मालकाला स्वतःला राहायला घराची खरी गरज आहे, वगैरे. परवानगी मिळाली की मग नोटीस, नोटिशीनंतर दिवाणी दावा, दाव्यानंतर अपील. म्हणजे एका दाराला दोन कुलपे, आणि दोन्ही किल्ल्या दोन वेगळ्या कचेऱ्यांत.

आमच्या घरात १९५२ साली एक सरकारी कारकून राहायला आले. भाडे ठरले १४ रुपये. ते सज्जन होते. मनीऑर्डर एक महिनाही चुकली नाही, कूपनेच तसे सांगतात. दादी सांगे की सुरुवातीला त्या पैशात तेलमीठ, कपडालत्ता आणि अब्बांच्या शाळेची फी निघायची. पुढे पुढे त्यात साबण आणि चहापत्तीच यायची. भाडे १४ चे २५ झाले, मग ४० झाले, तेही कारकुनांनी आपण होऊन वाढवले म्हणून. दादीने परवानगीचा अर्ज कधी केलाच नाही. भंडाऱ्याला जायचे, वकील करायचा, तारखांना उभे राहायचे, तर वर्षाचे भाडे पहिल्या दोन तारखांतच संपले असते.

तात्पुरता कायदा

भाडे गोठवण्याची कल्पना आपल्याकडे जन्मलेली नाही. पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात कारखाने भरभराटीला आले, मजूर वाढले आणि घरमालकांनी भाडी वाढवली. पुरुष लढाईवर, त्यामुळे बायकांनी पुढाकार घेतला. मेरी बार्बर नावाच्या गृहिणीच्या नेतृत्वाखाली १९१५ साली हजारो कुटुंबांनी वाढीव भाडे द्यायला नकार दिला. सरकार नमले आणि त्याच वर्षअखेरीस ब्रिटिश संसदेने भाडी युद्धापूर्वीच्या पातळीवर थांबवली. फक्त युद्धापुरती, असे तेव्हा म्हटले होते.

मुंबईत तीच टंचाई होती. १९१८ साली मुंबई सरकारने युद्धकालीन भाडेबंदीचा कायदा आणला. तोही तात्पुरता. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा नवे कायदे आले आणि शेवटी १९४७ चा प्रसिद्ध मुंबई भाडे कायदा झाला. त्याने बहुतेक जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. हा कायदाही ठरावीक मुदतीचाच होता, पण मुदत संपत आली की ती वाढवली जाई. असे पन्नास वर्षे चालले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणात सांगितले की इतक्या वर्षांनंतरही १९४० चे भाडे कायम ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही.

यात आपल्या विदर्भाची एक गंमत आहे. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. राजधानी बदलली, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. पण घरभाड्याचे कायदे तीनच राहिले: मुंबईकडे १९४७ चा, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा आणि आपल्याकडे मध्यप्रांताचा १९४९ चा आदेश. एका राज्यात, एकाच नात्यासाठी, तीन कायदे. हे तिन्ही रद्द करून एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ साली झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

त्या नव्या कायद्याने जुन्या मालकांना काय दिले? १ ऑक्टोबर १९८७ रोजी जे भाडे होते त्यात ५ टक्के वाढ, आणि पुढे दरवर्षी ४ टक्के. आमचा हिशेब करून पाहा. १९८७ चे भाडे ४० रुपये. त्यावर ५ टक्के म्हणजे ४२. दरवर्षी ४ टक्के, आणि तेही चक्रवाढीने धरले तरी वीस वर्षांनी होतात ९२ रुपये. चार खोल्या, ओसरी आणि भंडारा शहरातली जागा, महिना ९२ रुपये.

दोन विधवा

इथवर वाचून घरमालक वाचकांना बरे वाटले असेल. थोडे थांबा.

ते कारकून १९७९ साली वारले. मागे त्यांची पत्नी आणि तीन मुले. २०२२ मध्ये त्यांचा धाकटा मुलगा, आता साठी ओलांडलेला, करडीला भाईजानकडे आला आणि घराची किल्ली पुढे ठेवली. वरचा मजला पडला होता, आई गेली होती, मुलाने दुसरीकडे घर बांधले होते. पैसे मागितले नाहीत. जाताना म्हणाला, "सर, तुमच्या दादींच्या घराने आम्हाला शिकवले. बाबा गेले तेव्हा बाजारभावाने भाडे द्यायचे असते तर आई आम्हाला घेऊन गावी गेली असती, आणि मी कुठेतरी रोजीने लागलो असतो."

भाईजानने हे सांगितले तेव्हा मी बराच वेळ गप्प राहिलो. करडीत एक विधवा १४ रुपयांची वाट पाहत होती आणि भंडाऱ्यात दुसरी विधवा कमी भाड्याच्या आधारावर मुले वाढवत होती. कायद्याने दुसरीला सांभाळले, आणि ते योग्यच केले. फक्त त्याचा खर्च सरकारने आपल्या तिजोरीतून केला नाही. तो पहिल्या विधवेच्या पदरातून केला. तीच गोष्ट घराघरांत झाली. गरजूला आसरा देणे हे समाजाचे काम. ते एकेका घरमालकावर सोपवले की काही वर्षे निभते, मग घरमालक नवे घर बांधायचे थांबवतो.

आणि तसेच झाले. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत आकडे आहेत. १९६१ साली देशातल्या शहरांत ५४ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात होती, २०११ साली २८ टक्के. त्याच २०११ च्या जनगणनेत शहरांतली सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. टंचाईही आहे आणि कुलपेही आहेत. घर गेले तर परत मिळणार नाही ही भीती ज्या पिढीने पाहिली, तिने मुलांनाही तीच शिकवण दिली: कुलूप लावून ठेव, पण भाडेकरू ठेवू नको.

मालकांनी पळवाटाही काढल्या. मुंबईत पगडी आली: महिन्याचे भाडे नाममात्र, पण आत शिरताना रोख रक्कम मोठी. १९९९ च्या कायद्याने शेवटी तिला मान्यता दिली. दुसरी वाट 'लिव्ह अँड लायसन्स'ची. भाडेपट्टा आणि परवाना यांतला भेद १८८२ सालचा आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि सुविधाधिकार कायदा हे दोन्ही त्याच वर्षीचे. पट्ट्यात भाडेकरूला घरात हक्क मिळतो, परवान्यात फक्त राहण्याची मुभा. मुंबईच्या मालकांनी भाडेकरूंना परवानाधारक म्हणायला सुरुवात केली. पण १९७३ साली विधिमंडळाने दुरुस्ती केली की १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर जे राहत आहेत ते भाडेकरूच समजले जातील. ज्यांनी 'परवाना दिलाय, काळजी नाही' म्हणून झोप काढली होती ते सकाळी उठले तर घरात कायमचा भाडेकरू. आजचा परवाना सुरक्षित आहे तो १९९९ च्या कायद्यामुळे. पण ही जुनी गोष्ट विसरू नये.

आपल्याच दारातला हिशेब

हे सगळे खासगी मालकांपुरते नाही. आपल्या मशिदी, दर्गे, कब्रस्तानांच्या वक्फ जागांवरची दुकाने आणि घरे आठवा. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात देशभरात ४.९ लाख नोंदणीकृत वक्फ मालमत्ता आणि त्यांचे वार्षिक उत्पन्न सुमारे १६३ कोटी रुपये असे म्हटले आहे. कागदावरच्या किमतीच्या मानाने हा परतावा २.७ टक्के, आणि ती कागदावरची किंमत बाजारभावाच्या कितीतरी खाली. यात अतिक्रमणे आहेत, गैरव्यवहार आहेत, पण तीस-चाळीस वर्षे न बदललेली भाडीही आहेत. अनेक ठिकाणी तो स्वस्त भाडेकरू आपल्यातलाच सुखवस्तू दुकानदार असतो. अनाथांसाठी आणि विधवांसाठी ठेवलेल्या जागेचे भाडे द्यायला तो कां-कू करतो आणि स्वतःच्या दुकानाचा पोटमाळा मात्र बाजारभावाने देतो. कायद्याला नावे ठेवण्याआधी हेही बोलले पाहिजे.

आणि दाराबाहेर उभ्या असलेल्याचे काय? नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका शहरात खोली शोधत हिंडलो. पाटी लागलेली, खोली रिकामी, मालक हसतमुख. मग नाव विचारले जाई. नाव सांगितले की खोली नुकतीच कुणाला तरी दिलेली असे. सातव्या दारात एका म्हाताऱ्या बाईंनी नाव ऐकले आणि विचारले, "पाणी सकाळी सहाला येते, उठशील का?" त्या घरात मी चार वर्षे राहिलो. आत असलेल्या भाडेकरूला कायदा सांभाळतो, पण दाराबाहेरच्याला आत घेण्याची सक्ती त्यात नाही. तेवढे काम मालकाच्या मनावरच सोडलेले आहे. उद्या भाईजान मालक होतील तेव्हा त्यांच्या दारातही कुणीतरी नाव सांगत उभे राहणार आहे, हे मी त्यांना तेव्हाच सांगून टाकले.

कुठे?

दुसऱ्या दिवशी ओसरीत बसून आम्ही तीन जागांचा हिशेब मांडला.

आधी नागपूर. भाईजानच्या मनात ४० लाखांचा फ्लॅट होता: २४ लाख आपले, १६ लाख बँकेचे. भाडे महिना १०,००० मिळेल असे सांगितले गेले होते. वर्षाचे १,२०,०००, म्हणजे ३ टक्के. त्यातून एक महिना रिकामा धरला तर १०,००० गेले, सोसायटीचा खर्च १८,०००, कर ६,०००. उरले ८६,०००, म्हणजे २ टक्क्यांहून थोडे अधिक. आणि कर्जावर व्याज त्याच्या तिपटी-चौपटीने. भाईजानना व्याज नकोच आहे, घ्यायचेही आणि द्यायचेही. पण व्याजाचे वावडे नसलेल्यालाही हा हिशेब परवडत नाही. असे घर घेणारा भाड्यासाठी घेत नाही, किंमत वाढेल या आशेवर घेतो. तो सौदा वेगळा.

व्याज आणि भाडे यांत फरक काय, असे भाईजानच्या नातवाने मध्येच विचारले. प्रश्न चांगला होता. आपल्या फिक्हमध्ये भाड्याला इजारा म्हणतात. नफा त्याचा, ज्याची जोखीम, हे त्यामागचे तत्त्व. घर पडले तर मालकाचे पडते, आणि राहण्याजोगे घर उरले नाही तर भाडेही उरत नाही. सावकाराचे तसे नसते, घर पडो की पीक बुडो, त्याचे व्याज चालूच. १८८२ च्या कायद्यातही याच्याजवळ जाणारी तरतूद आहे: आगीने, पुराने घर राहण्यालायक उरले नाही तर भाडेकरू पट्टा मोडू शकतो. म्हणजे भाडे हलाल आहे ते फुकटचे नाही. कौले फिरवायची, नळ दुरुस्त करायचा, गळती थांबवायची, हे ज्याला जमत नाही त्याने भाड्याचा पैसा खाऊ नये.

मग करडी. रस्त्याला लागून दोन गाळे आणि मागे खोली, ८ लाखांत बांधून होईल. भाडे दोन्हींचे मिळून ३,००० धरले तर वर्षाचे ३६,०००, म्हणजे साडेचार टक्के. कागदावर नागपूरपेक्षा दीडपट. पण भाडेकरू कोण? याचे उत्तर भाईजानच्या स्वतःच्या नोकरीत होते. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, शाळा, दवाखाने, ग्रामसेवक गावोगाव आले. शिक्षक आणि नर्सबाई गावात खोली घेऊन राहत. भाईजान स्वतः तीन गावांत तसे राहिले. मग घरोघरी मोटरसायकल आली. मुख्यालयी राहावे असा नियम आजही आहे, पण नियम कागदावर आणि कर्मचारी 'अपडाऊन'वर. गावातली खोली रिकामी झाली ती कायद्यामुळे नाही, पेट्रोलमुळे. गाळ्याला गिऱ्हाईक मिळेल, पण धान चांगले झाले त्या वर्षी. पीक बुडाले तर शेतही बुडेल आणि गाळ्याचे भाडेही. ज्याची शेती करडीत त्याने भाड्याचे घरही करडीतच ठेवले तर दोन्ही पाय एकाच होडीत.

मुंबईचा एक दाखला मी इथे दिला. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने, म्हणजे बीडीडीने, वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला २०७ चाळी बांधल्या. मजुरांना घरे हवी होती यात शंका नव्हती. तरी सुरुवातीची काही वर्षे कितीतरी खोल्या रिकाम्या पडल्या, कारण मजुराला परवडेल ते भाडे आणि सरकारला परवडेल ते भाडे जुळत नव्हते. गरज असणे वेगळे, आणि महिन्याच्या पाच तारखेला भाडे देता येणे वेगळे. घर घेताना मालक भिंती पाहतो. त्याने भाडेकरूचा पगार कुठून येतो ते पाहावे.

उरले भंडारा. जिल्ह्याचे ठिकाण. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला, जिल्हा सात तालुक्यांचा राहिला, पण कचेऱ्या, न्यायालय, रुग्णालय, महाविद्यालये जागेवर आहेत. वरठीला पोलाद कारखाना, जवाहरनगरला आयुध निर्माणी. बदलीवर येणारा कारकून, नर्स, शिकणाऱ्या मुली: दोन-तीन वर्षे राहून पुढे जाणारे भाडेकरू. एक जुने पण बळकट घर २० लाखांत मिळत होते, दोन बिऱ्हाडांचे, मिळून ९,००० भाडे. वर्षाचे १,०८,०००. एक महिना रिकामा धरून ९,०००, दुरुस्तीला १२,०००, कराला ४,००० वजा केले की ८३,०००. चार टक्क्यांहून थोडे वर, कर्जाशिवाय. आणि बसने जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येते. ज्या घराचा नळ गळला तर तुम्ही त्याच दिवशी पोहोचू शकत नाही, ते घर लांबचे समजावे.

कसे?

जागेनंतर कागद. विदर्भातल्या शहरांत आधी नझूल पाहावे, म्हणजे जमीन मालकीची की सरकारकडून पट्ट्याने घेतलेली, आणि पट्टा असेल तर मुदत कधी संपते. शेतजमिनीवर पाडलेला प्लॉट असेल तर अकृषक परवानगी. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असेल तर विक्रीला कुणाची परवानगी लागते ते. गावठाणात नुसत्या 'नमुना ८' वर विसंबू नये, तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत, गावातल्या घराची असेल तर ती मागावी.

मग करार. ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हे १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून आलेले जुने ज्ञान महाराष्ट्रात आता चुकीचे आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा परवान्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, शिवाय दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. राहण्यासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि त्या काळाची दुप्पट रक्कम मागता येते. पण पाणी आणि वीज तोडून कुणाला हुसकता येत नाही, तेही कायद्यातच आहे. आणि हा कायदा अनुसूचीत नाव असलेल्या गावाशहरांनाच लागू आहे, तेव्हा आपले गाव त्यात आहे का हे आधी पाहावे.

कुणाचे?

हिशेब संपला. भाईजान म्हणाले, "म्हणजे भंडारा. २४ आहेत, २० लागतील."

मी खरेदीखत पुढे सरकवले. त्यावर दादांचे नाव होते. मी विचारले, "हे २४ कुणाचे?"

दादांची दोन मुले, दोन मुली. दादीचा आठवा हिस्साही तिच्यामागे याच चौघांत त्याच प्रमाणात गेला. भावाला दोन, बहिणीला एक, असे सहा भाग. म्हणजे बडे अब्बांचे ८ लाख, माझ्या अब्बांचे ८, आणि दोन्ही फुफींचे प्रत्येकी ४. थोरल्या फुफी आता नाहीत, पण त्यांची मुले आहेत. धाकट्या फुफी तुमसरला मुलाकडे असतात. १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळली होती, पण घर वगळलेले नव्हते. तरी इतक्या वर्षांत त्या मनीऑर्डरीतला एक रुपया कुणी फुफींच्या हातावर ठेवला नव्हता. दादीनेही नाही, आमच्या अब्बांनीही नाही. 'इतक्याशा पैशाचे काय वाटे करायचे' असे म्हणत सत्तर वर्षे गेली. ज्या कायद्याने दादीचे भाडे गोठवले त्याच्याबद्दल आम्ही सगळे बोलत आलो. बहिणींचा हिस्सा आम्हीच गोठवला होता, त्याबद्दल कुणी बोलले नव्हते.

भाईजान उठून आत गेले. थोड्या वेळाने चष्मा पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "तुमसरची बस कितीला आहे?"

आम्ही दोघे गेलो. फुफींनी चेककडे पाहिलेच नाही. कूपनांचा एक गठ्ठा भाईजानने सोबत घेतला होता, तो हातात घेऊन त्या एकेक तारीख वाचत बसल्या. मग म्हणाल्या, "हे अक्षर मला आठवते. पोस्टमन आला की अम्मी ते मला वाचायला लावायची. मी यावरच वाचायला शिकले."

पुढे भाईजानने आपले ८ लाख आणि निवृत्तीच्या पैशातले १२ लाख घालून भंडाऱ्याचे ते घर घेतले. कर्ज काढले नाही. करार नोंदवला. खाली एक नर्स राहते, बदलीवर आलेली. वर दोन विद्यार्थी आहेत. ते आले तेव्हा भाईजानने काय विचारले, असे मी फोनवर विचारले.

"विचारले, पाणी सकाळी सहाला येते, उठाल ना?"